कृष्णवर्णीय आणि ज्यू समाज : अमेरिकेतील एका अवघड सोबतीविषयी

अनुजा_मरिएटा (धागाकर्ती) :

जॉर्जिया राज्यातील मरिएटा या गावी राहायला येऊन आम्हांला आता अकरा वर्षे झाली. येथून अटलांटाकडे जाणाऱ्या ७५ क्रमांकाच्या महामार्गालगत, रोझवेल रस्त्यापाशी, एक फलक उभा आहे. तो रोज जाता-येता दिसत असे, पण गाडीच्या वेगात वाचून होत नसे. मुलीला शाळेसाठी गावातील एका ऐतिहासिक जागेबद्दल लिहायचे होते, म्हणून एका रविवारी आम्ही मुद्दाम गाडी थांबवून तो वाचला. १७ ऑगस्ट १९१५ रोजी सकाळी लिओ फ्रँक या ज्यू माणसाला जमावाने येथे झाडाला लटकवून ठार मारले होते.

फ्रँक अटलांटातील एका पेन्सिल कारखान्याचे व्यवस्थापक होते. त्या कारखान्यात काम करणाऱ्या मेरी फेगन या तेरा वर्षांच्या मुलीचा एप्रिल १९१३ मध्ये तेथेच खून झाला. फ्रँक यांच्याविरुद्धची मुख्य साक्ष जिम कॉन्ली या झाडूवाल्याची होती आणि कॉन्ली कृष्णवर्णीय होता. दक्षिणेतील गोऱ्या ज्युरीने एका कृष्णवर्णीयाच्या शब्दावर गोऱ्या कातडीच्या माणसाला फाशीची शिक्षा द्यावी, ही त्या काळी जवळजवळ न घडणारी गोष्ट होती. फ्रँक यांच्या वकिलांनी बचाव कसा केला, हे वाचल्यावर मी बराच वेळ अस्वस्थ होते. साक्षीतील विसंगती त्यांनी दाखवल्याच, पण त्याबरोबर कॉन्लीच्या वंशावर गलिच्छ शब्दांत तोंडसुख घेतले आणि काळा माणूस खोटेच बोलणार, असा सूर लावला. ज्या पूर्वग्रहाच्या बळावर बाहेरचा जमाव फ्रँक यांच्या जिवावर उठला होता, त्याच्याच सख्ख्या भावाला त्यांच्या वकिलांनी न्यायालयात मदतीला बोलावले.

पुढे गव्हर्नर जॉन स्लेटन यांनी पुरावा पुन्हा तपासला आणि फाशीऐवजी जन्मठेप दिली. त्यानंतर काही आठवड्यांतच मिलेजव्हिलच्या तुरुंगातून फ्रँक यांना पळवून येथे आणले गेले. त्यात गावातील प्रतिष्ठित लोक होते आणि कोणावरही खटला चालला नाही. फ्रँक निर्दोष होते, असे आज बहुतेक इतिहासकार मानतात. १९८६ मध्ये राज्याने त्यांना मरणोत्तर माफी दिली, पण दोषी की निर्दोष याविषयी त्या माफीत एक शब्दही नाही. या प्रकरणाच्या वेळी देशभरातील वृत्तपत्रे एका ज्यू माणसाच्या बाजूने उभी राहिली, तेव्हा दर आठवड्याला फासावर जाणाऱ्या आमच्या माणसांसाठी ही शाई कोठे होती, असे काही कृष्णवर्णीय संपादकांनी विचारले होते. तो प्रश्न रास्तच होता.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय आणि ज्यू यांच्या नात्याबद्दल बोलताना आपण सहसा १९६५ च्या सेल्मा मोर्चाच्या छायाचित्रापासून, म्हणजे डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या रांगेत एक ज्यू धर्मगुरू चालत असलेल्या छायाचित्रापासून, सुरुवात करतो. ते छायाचित्र खरे आहे आणि मला प्रिय आहे. तरीही मरिएटाचा हा फलक वाचल्यापासून मला वाटते की या नात्यातील गाठ त्याच्या आधीची आहे. दोन्ही समाज एकाच झुंडीला भीत होते, पण त्या झुंडीपुढे दोघे एका जागी उभे नव्हते. ज्यू माणसाला बहुतेक दिवस गोऱ्यांच्या दारातून आत जाता येत होते आणि कृष्णवर्णीयाला एकही दिवस जाता येत नव्हते. हे अंतर ज्यांनी ओळखून काम केले त्यांचे नाते टिकले आणि ज्यांनी ते नाकारले त्यांचे तुटले, असे माझे मत बनू लागले आहे. येथील जाणकारांनी ते तपासून पाहावे, यासाठी हा धागा.

जुने_पान :

अनुजाताई, आपण फ्रँक प्रकरणापासून सुरुवात केली हे योग्य झाले. मी ३४ वर्षे साताऱ्याला इतिहास शिकवला, आणि कोणत्याही मैत्रीचा इतिहास तिच्या सोहळ्यापासून सांगू नये, असे विद्यार्थ्यांना सांगत आलो. परंतु अंतर होते हे मान्य करताना या सोबतीत लोकांनी जीव दिले आहेत, हे बाजूला पडू नये, म्हणून हा प्रतिसाद.

१९०९ मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी एनएएसीपी ही संघटना स्थापन झाली, तेव्हा संस्थापकांत हेन्री मॉस्कोविट्झ हे ज्यू होते. जोएल आणि आर्थर स्पिंगार्न या ज्यू बंधूंनी पुढे अनेक दशके तिची धुरा वाहिली. शाळांतील वर्णभेदाविरुद्धच्या १९५४ च्या ब्राउन खटल्यात थरगुड मार्शल यांच्या वकिलांच्या चमूत जॅक ग्रीनबर्ग हा तिशीचाही नसलेला ज्यू तरुण होता आणि मार्शल यांच्यानंतर संघटनेच्या कायदा निधीचे प्रमुखपद त्यानेच १९६१ पासून सांभाळले. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनच्या सभेत डॉ. किंग यांच्या आधी योआखिम प्रिन्झ बोलले. हिटलरच्या काळात ते बर्लिनमध्ये रब्बाय, म्हणजे ज्यू धर्मगुरू, होते. द्वेष आणि कट्टरता हे सर्वांत मोठे संकट नाही, मौन हेच सर्वांत लाजिरवाणे संकट आहे, असे त्यांनी त्या लाखोंच्या समुदायाला सांगितले. हे वाक्य त्यांनी पुस्तकातून घेतलेले नव्हते. मौन पाळणारे शेजारी त्यांनी स्वतः पाहिले होते.

आणि १९६४ चा मिसिसिपीतील उन्हाळा. कृष्णवर्णीयांच्या मतदार नोंदणीसाठी उत्तरेकडून शेकडो विद्यार्थी आले, आणि त्यांतील गोऱ्या स्वयंसेवकांत ज्यू तरुणांचे प्रमाण लोकसंख्येच्या मानाने फार मोठे होते. २१ जून रोजी नेशोबा परगण्यात जाळलेल्या चर्चची पाहणी करून परतताना मायकल श्वेर्नर, अँड्र्यू गुडमन आणि जेम्स चेनी यांना पोलिसांनी अडवले, रात्री सोडले आणि कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेच्या हवाली केले. वये २४, २० आणि २१. पहिले दोघे न्यूयॉर्कचे ज्यू होते आणि चेनी तेथलाच, मेरिडियनचा कृष्णवर्णीय मुलगा होता. ४ ऑगस्टला एका मातीच्या बंधाऱ्याखाली तिघांचे मृतदेह सापडले. श्वेर्नरच्या आईवडिलांची इच्छा होती की मायकल आणि जेम्स यांना शेजारी शेजारी पुरावे. मिसिसिपीत स्मशानभूमीही रंगाप्रमाणे वेगळी होती, त्यामुळे ते झाले नाही.

या शोधाच्या काळात मायकलची पत्नी रीटा हिने पत्रकारांना ठणकावून सांगितले होते की बेपत्ता झालेल्यांत दोघे गोरे आहेत म्हणूनच देश जागा झाला आहे, एकटा जेम्स बेपत्ता झाला असता तर कोणी विचारलेही नसते. शोध चालू असताना हेन्री डी आणि चार्ल्स मूर या दोन कृष्णवर्णीय तरुणांचे अवशेष नदीत सापडले, आणि आपण शोधत आहोत ते हे नव्हेत, हे कळताच बातमी पुढे सरकली. म्हणजे आपण म्हणता ते अंतर रीटाला वयाच्या बाविसाव्या वर्षी, नवरा बेपत्ता असताना, दिसत होते. मला ती या सर्व इतिहासातील सर्वांत मोठी व्यक्ती वाटते.

समता_ठाणे :

जुने_पान सर, आपला प्रतिसाद वाचून डोळे भरून आले. तरीही एक गोष्ट स्पष्टपणे मांडायला हवी. आपण दिलेली बहुतेक नावे संघटनांच्या कार्यालयांतील, न्यायालयांतील आणि व्यासपीठांवरील आहेत. सामान्य कृष्णवर्णीय बाईची सामान्य ज्यू कुटुंबाशी गाठ कोठे पडत होती, हे पाहिले तर चित्र बदलते.

एला बेकर आणि मार्व्हल कुक या दोन कृष्णवर्णीय लेखिकांनी १९३५ मध्ये, मंदीच्या काळात, एनएएसीपीच्या मासिकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील एका 'गुलाम बाजारा'चे वर्णन केले. सकाळी ठरावीक कोपऱ्यांवर कृष्णवर्णीय स्त्रिया कागदात गुंडाळलेले कामाचे कपडे काखोटीला मारून उभ्या राहत. आसपासच्या गृहिणी येत, त्यांना निरखून पाहत आणि तासाच्या बोलीवर घरकामाला नेत. मजुरी १५ सेंट, २० सेंट, नशीब चांगले असेल तर ३० सेंट. काम संपल्यावर घड्याळाचा काटा मागे केलेला असे, अशाही तक्रारी होत्या. त्या गृहिणींपैकी अनेक जणी ज्यू होत्या. त्यांचे स्वतःचे नवरे शिवणकामाच्या कारखान्यांत रक्त आटवत होते आणि त्या श्रीमंत नव्हत्या, हेही तितकेच खरे. पण कोपऱ्यावर उभ्या राहिलेल्या बाईला त्यांच्या घरची अडचण दिसत नव्हती, तिला समोरचा हात दिसत होता.

कृष्णवर्णीय लेखक जेम्स बाल्डविन यांनी १९६७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकात याच विषयावर लिहिले. आपल्या लहानपणी न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत घरमालक ज्यू होता, वाणी ज्यू होता, खाटीक ज्यू होता आणि उधारीची वही त्यांच्याकडे होती, असे त्यांनी सांगितले. हा राग मुळात गोऱ्या व्यवस्थेवरचा आहे, परंतु त्या व्यवस्थेचा जो चेहरा वस्तीत रोज दिसतो त्याच्यावर तो निघतो, असे त्यांचे म्हणणे होते. या स्पष्टीकरणाने ज्यूद्वेष क्षम्य ठरत नाही आणि मीही तो क्षम्य मानत नाही. पण तो कोठून आला हे न विचारता केवळ कृतघ्नता म्हणून त्याची संभावना करणे मला अन्याय्य वाटते. 'आम्ही तुमच्यासाठी इतके केले' हे वाक्य ज्याला ऐकावे लागते, त्याचा अपमान त्या वाक्यातच होतो.

दुसऱ्या बाजूनेही प्रामाणिकपणाची उदाहरणे आहेत. कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांच्या १९०३ च्या गाजलेल्या पुस्तकात जॉर्जियातील शेतमजुरांच्या पिळवणुकीबद्दल लिहिताना ज्यूंविषयी काही दुखावणारी वाक्ये होती. १९४९ मध्ये त्यांनी नाझींनी उद्ध्वस्त केलेल्या वॉर्सा येथील ज्यू वस्तीचे अवशेष पाहिले, आणि रंगाची रेषा हा एकच प्रश्न नसून तो माणसाच्या क्रौर्याच्या मोठ्या प्रश्नाचा भाग आहे, असे पुढे लिहिले. १९५३ च्या आवृत्तीत त्यांनी ती वाक्ये स्वतः बदलली. पन्नास वर्षांनी स्वतःचे शब्द खोडणारा हा माणूस म्हणजे तेच डु बॉइस, ज्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या अर्जाची प्रत मागितली होती.

ब्रुकलिनवासी :

मी १९९६ ते २०१९ या काळात ब्रुकलिनमधील एका सरकारी शाळेत गणित शिकवले, म्हणून १९६८ च्या शिक्षक संपाबद्दल लिहिते. दोन्ही समाजांच्या मनात काय मोडले, हे त्या संपाशिवाय समजत नाही, असे माझे ठाम मत आहे.

ब्राउन्सव्हिल हा भाग एकेकाळी जवळजवळ पूर्ण ज्यू कामगारांचा होता. १९६० च्या दशकापर्यंत ते लोक बाहेर पडले आणि तेथे कृष्णवर्णीय व पोर्टोरिकन कुटुंबे आली. वस्ती बदलली, पण शाळेतील शिक्षक बदलले नाहीत. न्यूयॉर्कच्या शिक्षकांत ज्यू बहुसंख्य होते आणि त्याला कारण होते. १९३० च्या दशकात मोठ्या कंपन्या आणि विद्यापीठे ज्यूंना दारात उभे करीत नव्हती, तेव्हा नगर शिक्षण मंडळाची लेखी परीक्षा ही एकच अशी वाट होती जिथे आडनाव विचारले जात नव्हते. एका पिढीने अभ्यास करून ती वाट धरली आणि घरे उभी केली. तीच परीक्षा कृष्णवर्णीय उमेदवारांना वर्षानुवर्षे बाहेर ठेवत होती, आणि त्यांची मुले मात्र वाचता न येता शाळेबाहेर पडत होती. आमच्या मुलांच्या शाळेवर आमचा हक्क असावा, ही पालकांची मागणी तेथून आली.

१९६७ मध्ये ओशन हिल-ब्राउन्सव्हिल येथे स्थानिक मंडळाच्या हाती शाळा देण्याचा प्रयोग सुरू झाला. मे १९६८ मध्ये त्या मंडळाचे प्रशासक रोडी मॅकॉय यांनी १९ शिक्षक व पर्यवेक्षकांना येथून जाण्याची पत्रे दिली. त्यांतील बहुतेक ज्यू होते. शिक्षक संघटनेचे अध्यक्ष अल्बर्ट शँकर म्हणाले की आरोपपत्र नाही, सुनावणी नाही, म्हणजे नोकरीच्या हक्काचा गळा घोटला जात आहे. मंडळ म्हणाले की इतर भागांत शिक्षकांच्या बदल्या रोज होतात, तेव्हा कोणी अवाक्षर काढत नाही. त्या शरद ऋतूत तीन वेळा संप झाला. एकूण ३६ शालेय दिवस गेले आणि दहा लाखांवर मुले घरी बसली. काही शिक्षकांच्या टपालपेटीत ज्यूंविरुद्ध विषारी मजकूर असलेले एक पत्रक सापडले. शँकर यांनी त्याच्या लाखो प्रती छापून शहरभर वाटल्या. ज्यांनी ते कधी पाहिले नसते, त्या प्रत्येक ज्यू घरात ते पोहोचले आणि सर्व ब्राउन्सव्हिल असेच बोलते, असा समज झाला. मी स्वतः संघटनेची सभासद होते आणि नोकरीच्या हक्कासाठी आजही उभी राहीन, पण ते पत्रक छापणे हा घोर अपराध होता, असे मला वाटते.

जे फारसे सांगितले जात नाही ते असे की संपाच्या काळात त्या शाळा चालू ठेवायला जे नवे शिक्षक आले, त्यांतही ज्यू तरुण मोठ्या संख्येने होते; आणि बायर्ड रस्टिन, ए. फिलिप रँडॉल्फ यांच्यासारखे ज्येष्ठ कृष्णवर्णीय नेते संघटनेच्या बाजूने उभे राहिले व स्वतःच्या समाजात त्यांनी शिव्या खाल्ल्या. रेषा रंगावर किंवा धर्मावर सरळ आखलेली नव्हती.

मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या शाळेत निवृत्तीला टेकलेल्या एक ज्यू शिक्षिका होत्या. त्या १९६८ मध्ये संपावर होत्या. त्याच मजल्यावर एक कृष्णवर्णीय मदतनीस बाई होत्या आणि त्यांनी त्या वेळी पालक म्हणून बंद शाळेचे दार उघडण्यासाठी रात्र काढली होती. दोघी एकमेकींच्या नातवंडांची विचारपूस करीत. डबा खायला एकाच टेबलावर बसत. मला दोघींनीही त्या संपाची हकीकत सांगितली, पण स्वतंत्रपणे, दुसरी खोलीत नसताना. इतक्या वर्षांत एकमेकींशी त्या एकदाही त्यावर बोलल्या नव्हत्या.

चिंचबन :

सर्वांचे प्रतिसाद मोलाचे आहेत. मला एक विचारायचे आहे. आजच्या बातम्यांत या दोन समाजांचा विषय निघाला की लगेच इस्रायल आणि पॅलेस्टाइनचा प्रश्न येतो. दुरावा मुख्यतः त्यामुळेच आला का?

जुने_पान :

चिंचबन, माझ्या मते त्या प्रश्नाने दुरावा वाढवला, पण त्याची सुरुवात घरातली होती. १९६६ मध्येच नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एसएनसीसी या विद्यार्थी संघटनेने आपला लढा आपणच चालवायचा असे ठरवले आणि गोऱ्या कार्यकर्त्यांना स्वतःच्या समाजात जाऊन काम करण्यास सांगितले. त्यांत ज्यू कार्यकर्तेही आले आणि अनेकांना ती जखम आयुष्यभर पुरली. १९६७ च्या सहा दिवसांच्या युद्धानंतर त्याच संघटनेच्या वार्तापत्राने इस्रायलवर कडवट टीका केली, तेव्हा दार पूर्ण लोटले गेले. १९७९ मध्ये संयुक्त राष्ट्रांतील अमेरिकेचे पहिले कृष्णवर्णीय राजदूत अँड्र्यू यंग यांना पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेच्या प्रतिनिधीला भेटल्यावरून राजीनामा द्यावा लागला, आणि तो ज्यू संघटनांच्या दबावामुळे गेला अशी भावना कृष्णवर्णीयांत पसरली.

मला त्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो तो 'कोटा' हा शब्द. ज्यूंच्या आठवणीत कोटा म्हणजे छत. १९२० च्या दशकात हार्वर्डसारख्या विद्यापीठांनी ज्यू विद्यार्थ्यांची संख्या वाढू नये म्हणून केलेली तजवीज. कृष्णवर्णीयांच्या दृष्टीने कोटा म्हणजे पायाखालची जमीन, निदान इतक्या जणांना तरी आत घ्या, हे सांगणारी. १९७८ च्या 'बाकी' (Bakke) नावाच्या खटल्यात वैद्यकीय प्रवेशातील राखीव जागांविरुद्ध तीन मोठ्या ज्यू संघटना सर्वोच्च न्यायालयात उभ्या राहिल्या, तेव्हा आपण जुन्या अन्यायाशीच लढत आहोत असे त्यांना मनापासून वाटत होते. समोरच्यांना मात्र कालचा सोबती आज शिडी ओढून घेत आहे, असे दिसले.

एक गोष्ट मात्र समजुतीच्या नावाखाली झाकू नये. १९९१ मध्ये नेशन ऑफ इस्लाम या कृष्णवर्णीय मुस्लिमांच्या संघटनेने गुलामांचा व्यापार मुख्यतः ज्यूंनी चालवला, असे भासवणारे पुस्तक काढले. दक्षिणेतील काही ज्यूंकडे गुलाम होते हे सत्य आहे, पण त्या व्यापारातील त्यांचा वाटा अल्प होता, आणि १९९५ मध्ये अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनने अधिकृत निवेदनाद्वारे तो आरोप फेटाळला. त्याआधी १९९२ मध्ये हेन्री लुइस गेट्स या कृष्णवर्णीय अभ्यासकानेच वृत्तपत्रात त्याचा जाहीर समाचार घेतला होता. आजही तो खोटेपणा मोबाइलवर नव्या मुलांपर्यंत पोहोचतो, म्हणून हे लिहिले.

नवगाव_ते_न्यूजर्सी :

मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातील मराठी ज्यू आहे. आमचे मूळ गाव अलिबागजवळ. घरी मराठी, सिनेगॉगमध्ये (प्रार्थनास्थळात) हिब्रू आणि बाहेर इंग्रजी. हा धागा वाचताना मला एक गोष्ट खटकत राहिली आणि ती मी नम्रपणे मांडतो. सर्वजण 'कृष्णवर्णीय' आणि 'ज्यू' हे दोन वेगळे गट आहेत असे धरून लिहीत आहेत. अमेरिकेत असे हजारो लोक आहेत जे दोन्ही आहेत. प्यू या संस्थेच्या २०२० च्या पाहणीत ज्यू प्रौढांपैकी सुमारे एक टक्का लोकांनी स्वतःला कृष्णवर्णीय म्हणवले. हार्लेममध्ये १९१९ पासून कृष्णवर्णीयांची स्वतःची ज्यू प्रार्थनामंडळे आहेत. १९६८ च्या संपानंतर लगेच ज्यांच्या रेडिओ कार्यक्रमात ज्यूद्वेषी कविता वाचली गेली म्हणून निदर्शने झाली, त्या ज्युलियस लेस्टर यांनी पुढे १९८२ मध्ये ज्यू धर्म स्वीकारला.

आमच्या सिनेगॉगमध्ये एक कृष्णवर्णीय गृहस्थ येतात. त्यांची आई ज्यू, आजीही ज्यू. २०१८ मध्ये पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये ११ जणांची हत्या झाली, त्यानंतर आमच्याकडे दारावर सशस्त्र पहारा आला. त्यांना तीन शनिवारांत दोन वेळा थांबवले गेले. माझा रंग त्यांच्यापेक्षा फार वेगळा नाही आणि मलाही थांबवले गेले. पहारेकऱ्याचा हेतू आमचे रक्षण हाच होता. पण मग 'आम्ही'मध्ये कोण, हा प्रश्न त्या दारात उभा राहतोच. त्याच पिट्सबर्गला चार्ल्स्टनच्या इमॅन्युएल चर्चचे पाद्री सांत्वनाला गेले होते. २०१५ मध्ये त्यांच्या चर्चमध्ये नऊ जण मारले गेले होते आणि मारेकरी त्याच गोऱ्या वंशवर्चस्वाच्या विचाराने पेटलेला होता.

स्वतःच्या समाजाबद्दलही बोलले पाहिजे. कोकणात आम्हां बेने इस्रायलांतच 'गोरे' आणि 'काळे' असा भेद पाळला जात होता, आणि माझ्या पणजीच्या पिढीपर्यंत एकत्र जेवण होत नसे. पुढे आमचे लोक इस्रायलला गेले, तेव्हा तेथील रब्बाय मंडळींनी लग्नाच्या वेळी आमच्याच ज्यूपणाबद्दल शंका काढली आणि १९६४ मध्ये आमच्या माणसांना जेरुसलेममध्ये धरणे धरावे लागले. त्यामुळे ज्यू म्हणजे गोरा, हे गृहीतक ऐकले की मला उत्तर द्यावेसे वाटते.

अनुजा_मरिएटा :

सर्वांचे मनापासून आभार. नवगाव_ते_न्यूजर्सी, आपली सूचना मान्य आहे. पहिल्या लेखात मीही ती चूक केली आहे.

या आठवड्यात समतांचा प्रतिसाद वाचून मी मुलीला घेऊन कॅसव्हिल येथे गेले. येथून तासाभराच्या आत गाडीने पोहोचता येते. तेथे नोबल हिल नावाची १९२३ मध्ये बांधलेली छोटी लाकडी शाळा आहे आणि आता तिचे संग्रहालय केले आहे. सीअर्स या व्यापारी कंपनीचे ज्यू प्रमुख ज्युलियस रोझेनवाल्ड आणि टस्कीगी येथील कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेचे बुकर टी. वॉशिंग्टन यांनी सुरू केलेल्या योजनेतून दक्षिणेत १९३२ पर्यंत कृष्णवर्णीय मुलांसाठी अशा सुमारे ५,००० शाळा उभ्या राहिल्या. त्यांची खूण म्हणजे खिडक्या. खेड्यांत वीज नव्हती, म्हणून उंच खिडक्यांची रांगच्या रांग, उजेड मुलांच्या पाटीवर पडेल अशा बेताने बसवलेली. माझी मुलगी त्या खिडकीपाशी बाकावर बसली आणि म्हणाली, "आई, इथे दिवा लावायची गरजच नाही."

मी इतकी वर्षे या शाळांना रोझेनवाल्ड यांची देणगी समजत होते. आकडे वेगळे सांगतात. योजनेची अट अशी होती की निधीतून पैसे मिळण्याआधी गावाने स्वतःचा वाटा उभा करायचा. सर्व शाळांचा एकूण खर्च सुमारे २ कोटी ८० लाख डॉलर झाला. त्यात रोझेनवाल्ड निधीचे ४३ लाख होते आणि कृष्णवर्णीय गावकऱ्यांनी जमवलेले ४७ लाख. बाकीचा मोठा भाग सरकारी करातून आला, आणि तो करही ते लोक भरत होतेच. म्हणजे एकाच शाळेसाठी त्यांनी दोनदा पैसे मोजले. जमीन दिली, झाडे तोडून लाकूड दिले, रात्री कोंबड्या आणि आपल्या पुरणपोळीसारखे तिकडचे 'पाय' (pie) हे घरगुती पक्वान्न विकून पै-पै गोळा केली. समता, 'आम्ही तुमच्यासाठी इतके केले' या वाक्याला त्या हिशेबात जागाच उरत नाही.

याच संदर्भात अर्न्स्ट बोरिन्स्की यांच्याबद्दल सांगायचे आहे. नाझी राजवटीतून निसटलेले हे ज्यू वकील १९४७ मध्ये मिसिसिपीतील टूगलू या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवायला आले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. गोऱ्या अमेरिकन विद्यापीठांत जागा न मिळालेले असे ज्यू निर्वासित प्राध्यापक कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांत पन्नासहून अधिक होते. बोरिन्स्की तळघरातील आपल्या वर्गात संध्याकाळी जेवण ठेवत आणि जवळच्या गोऱ्या महाविद्यालयांतील लोकांनाही बोलावत. दोन्ही रंगांच्या माणसांनी एका टेबलावर जेवणे तेथे धोक्याचे होते. त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना सांगून ठेवले होते की लवकर या आणि एक सोडून एक खुर्ची धरा. पाहुणे येत, तेव्हा मधल्या खुर्च्या तेवढ्या रिकाम्या असत. बोरिन्स्की यांची कबर त्या महाविद्यालयाच्या आवारातच आहे.

मुलीने शाळेचा निबंध मरिएटाच्या फलकावर सुरू केला होता. आता तिने त्याचा दुसरा भाग कॅसव्हिलच्या खिडक्यांवर लिहायला घेतला आहे. ब्रुकलिनवासी, आपल्या शाळेतील त्या दोघींची हकीकत मी तिला वाचून दाखवली. त्या आज हयात आहेत का आणि कधी एकमेकींशी बोलल्या का, असे तिने विचारले आहे.

ब्रुकलिनवासी :

अनुजा, शिक्षिका २००९ मध्ये वारल्या. मदतनीस बाई दफनविधीला आल्या होत्या. ज्यू रिवाजाप्रमाणे प्रत्येकाने फावड्याने थोडी माती कबरीत लोटायची असते. त्यांनी रांगेत उभे राहून ती लोटली आणि नंतर परतीच्या गाडीत माझ्याशेजारी बसून मला म्हणाल्या, "तिला एकदा विचारायचं होतं, त्या महिन्यांत पगार नव्हता तेव्हा तिनं घर कसं चालवलं." मुलीला हे सांगा.